माझ्या मनात तसं काही नाही

२०१९च्या जुलैत, २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ अडकली. उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं होतं. गाडीत हजारावर माणसं, त्यात नऊ गरोदर बायका. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टरं आली, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसंही पाण्यात उतरली. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. आमच्या भागात ही गोष्ट अजून सांगितली जाते. सांगणाऱ्याचा आवाज शेवटी थोडा भरून येतो आणि एक वाक्य हमखास येतं: ‘त्या दिवशी कुणी कुणाची जात विचारली नाही.’

वाक्य खरं आहे. अडचण एवढीच, की मी ते शेवटचं ऐकलं तेव्हा ते कौतुक म्हणून नव्हे, उत्तर म्हणून आलं होतं.

झालं असं. माझ्या एका मित्राला बदलापुरात भाड्याने घर हवं होतं. वन बीएचके, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं, डिपॉझिट तयार. ब्रोकरशी फोनवर सगळं ठरलं. मग ॲग्रीमेंटसाठी त्याने पूर्ण नाव पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं, ‘मालकांशी बोलून सांगतो.’ चार दिवसांनी, ‘घर गेलं.’ सहाव्या दिवशी मी माझ्या फोनवरून त्याच घराबद्दल विचारलं, तर घर होतं. माझं आडनाव सांगितल्यावर तर भाडंही पाचशेने उतरलं.

आम्ही दोघं त्या ब्रोकरकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. माणूस चांगला निघाला. चहा मागवला. म्हणाला, ‘दादा, माझ्या मनात तसं काही नाही. मी सगळ्यांकडे जेवतो. मालकांचा प्रॉब्लेम आहे.’ मालकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘माझ्या मनात तसं काही नाही हो, सोसायटीवाले कटकट करतात.’ सोसायटीच्या सेक्रेटरींना मी स्वतः भेटलो. ‘आपल्याकडे असा काही नियमच नाही. बघा, कुठे लिहिलंय? मालकाने कुणाला घर द्यावं हा त्याचा प्रश्न.’ आणि मग, निघताना, खांद्यावर हात ठेवून: ‘अहो, पुराच्या वेळी आमची पोरं पाण्यात उतरली. कुणाला विचारलं का आडनाव?’

तिघांपैकी कुणी खोटं बोलत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिघांच्या मनात तसं काही नव्हतं. घर मात्र मिळालं नाही.

वर्णभेद आणि वैयक्तिक पूर्वग्रह यांत फरक काय, यावर इंग्रजीत पुस्तकांचे ढीग आहेत. मराठीत हा फरक नीट मांडायला आपल्याला आपले शब्दच आडवे येतात. ‘रेसिझम’साठी आपण काय म्हणतो? वर्णद्वेष. वंशद्वेष. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला आपली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं ‘वर्णद्वेषी राजवट’ म्हणत आली. शब्दातच द्वेष बसवला आहे, म्हणजे गोष्ट मनातली, रागाची, तिरस्काराची झाली. त्या राजवटीने स्वतःसाठी वापरलेला आफ्रिकान्स शब्द ‘अपार्टहाइट’ फक्त ‘वेगळेपण’ एवढंच सांगतो. वेगळ्या वस्त्या, वेगळ्या शाळा, खिशात बाळगायचा पास. तिथल्या कारकुनाने पासवर शिक्का मारताना मनात द्वेष आणायची गरज नव्हती. त्याला शाई पुरेशी होती.

जातीच्या बाबतीत आपण आणखी एक पाऊल पुढे गेलो आहोत. मराठीत ‘जातीयवादी’ कुणाला म्हणतात? बहुतेक वेळा जो जातीचा उल्लेख करतो त्याला. माझ्या मित्राने फॅमिली ग्रुपवर नव्हे, सोसायटीच्या लोकांसमोर ‘आडनावामुळे घर नाकारलं’ असं म्हटलं असतं, तर त्या खोलीत जातीयवादी तोच ठरला असता. बाकीच्यांनी तर जातीचं नावही काढलं नव्हतं.

१९६७ साली स्टोकली कारमायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी ‘ब्लॅक पॉवर’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी संस्थात्मक वर्णभेदाची कल्पना मांडली आणि ती एका शहराच्या उदाहरणाने समजावली. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये गोऱ्या दहशतवाद्यांनी काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला, चार मुली मेल्या, जग हळहळलं. त्याच शहरात दरवर्षी शेकडो काळी बाळं धड अन्न, निवारा, औषधोपचार नाहीत म्हणून मरत होती. त्यासाठी कुणी बॉम्ब ठेवला नव्हता. पहिल्या गोष्टीत गुन्हेगार सापडतो. दुसऱ्या गोष्टीत कुणाच्या हाताला बेड्या घालणार? तरीही मेलेल्यांची संख्या दुसरीकडे जास्त आहे.

आता उलट बाजू. आमच्या लाइनीवर विठ्ठलवाडी गेलं की उल्हासनगर येतं. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं ब्रिटिशांच्या लष्करी छावणीत, कल्याण कॅम्पात आणून ठेवली गेली. १९४९मध्ये त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. आमच्या लहानपणी डुप्लिकेट वस्तूला ‘मेड इन यूएसए’ म्हणायचे, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. सिंधी माणूस आणि साप यांच्यावरचा तो घाणेरडा विनोद मी शाळेत पाठ असल्यासारखा सांगायचो. हा शुद्ध पूर्वग्रह होता, आणि तो ऐकणाऱ्याला लागत असणारच. पण माझ्या त्या विनोदाच्या मागे उभं काय होतं? त्याने कुणाचं दुकान अडलं नाही, कुणाला विहिरीवरून हाकललं नाही, कुणाच्या मुलाला वर्गात मागे बसवलं नाही. घरदार गमावून आलेल्या त्या माणसांचे हाल कमी नव्हते, पण त्यांच्यासाठी एक छावणी, पुढे एक शहर तरी उभं राहिलं. माझ्या तोंडातली घाण माझ्या तोंडातच संपत होती.

ऑक्टोबर २००८मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबई परिसरात मारहाण झाली. तिथे पूर्वग्रह विनोदावर थांबला नाही, त्याच्या हाताला संघटना आणि रस्ता मिळाला. म्हणजे मधली रेघ पक्की नाही, सरकते. पण बघायचं कुठे हे तरी कळतं. माणसाच्या मनात काय आहे हे बघण्याआधी त्याच्या हातात काय आहे ते बघावं. किल्ली आहे का? शिक्का आहे का? हजेरीपट आहे का?

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) मला या सगळ्यावरचा मराठीतला सर्वांत नेमका दस्तऐवज वाटतो, आणि तो तसा फारसा वाचला गेला नाही. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ऑस्करसाठी भारताकडून तो गेला, आणि तेव्हा बोललं गेलं ते न्यायव्यवस्थेच्या संथपणाबद्दल. तारीख पे तारीख. हे म्हणजे ‘फँड्री’ हा डुक्कर पकडण्याबद्दलचा सिनेमा आहे असं म्हणण्यासारखं.

गोष्ट अशी. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली; ते स्वतः नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, एप्रिल २०२१मध्ये करोनाने गेले. कांबळेवर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. वासुदेवची बायको साक्ष देते. तिचा चेहरा, तिचा आवाज, कशातही अभिनय दिसत नाही. वासुदेव उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण वास सहन होत नाही. आत खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. एक डोळा त्या वायूने आधीच गेलेला. मास्क, बूट, काही नाही. कोर्ट हे सगळं ऐकून घेतं आणि टाइप करून घेतं. सुरक्षेची साधनं का दिली नाहीत यासाठी त्या खोलीत कुणावर खटला चाललेला नाही. खटला गाण्यावर आहे.

इथे दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर सरकारी वकील खलनायक झाली असती. ताम्हाणे काय करतो? कोर्ट सुटल्यावर तिच्या मागे जातो. गीतांजली कुलकर्णीची नूतन लोकल पकडते, शेजारणीशी कपड्यांबद्दल आणि ऑलिव्ह ऑइलबद्दल बोलते, मुलाला घेऊन घरी येते, डायबेटिस असलेल्या नवऱ्याचं पथ्य सांभाळत स्वयंपाक करते. तुमची मावशी असेल ही. माझी तर आईच आहे. ही बाई कुणाचा द्वेष करत नाही. नारायण कांबळेचाही नाही. सहकाऱ्यांशी गप्पा मारताना ती सहज बोलते, की तेच तेच चेहरे बघण्यापेक्षा द्यावीत वीस वर्षं आणि संपवावं. तिच्या आवाजात राग नाही, कंटाळा आहे. एका माणसाच्या आयुष्याची वीस वर्षं, आणि ती बोलते भाजी महाग झाल्यासारखं.

रविवारी ती कुटुंबासोबत नाटकाला जाते. नाटकात मराठी मुलीचा बाप तिच्या परप्रांतीय मित्राला हाकलतो, नाट्यगृह टाळ्या वाजवतं. समीक्षकांनी या प्रसंगावर बोट ठेवून म्हटलं, बघा, इथे तिचा पूर्वग्रह उघडा पडला. मला वाटतं, हा प्रसंग सिनेमातला सर्वांत कमी महत्त्वाचा आहे, आणि थोडा सोपाही. समजा ती त्या नाटकाला गेलीच नसती. समजा ती घरी बसून पुस्तक वाचणारी, सगळ्यांशी गोड बोलणारी बाई असती. सोमवारी कोर्टात तिने तोच आरोप, त्याच सपाट सुरात वाचला असता. तिचा परप्रांतीयांबद्दलचा पूर्वग्रह आणि कांबळेची कोठडी यांच्यात संबंध लावायची आपल्याला घाई होते, कारण मग दोष तिच्या मनात ठेवता येतो आणि आपण सुटतो.

न्यायाधीश सदावर्ते तर आणखी भला माणूस. बिनबाह्यांचा ड्रेस घालून आलेल्या बाईचं प्रकरण तो ऐकत नाही, पण आवाज चढवत नाही. शेवटी कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. कांबळेला जामीन नाही. हवं तर वरच्या कोर्टात जा. दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. सिनेमा संपला असं वाटून थिएटरमध्ये लोक उठले होते, मीही उठलो होतो. मग दिवस उजाडतो आणि न्यायाधीश कुटुंबासोबत रिसॉर्टवर निघालेला दिसतो. तिथे तो एकाला मुलासाठी अंकशास्त्राचा सल्ला देतो. बाकावर डुलकी घेतो. पोरं ओरडून त्याला दचकवतात, तो एकाला थोबाडीत मारतो आणि पुन्हा झोपतो.

ती थोबाडीत त्याचा वैयक्तिक राग आहे. दोन सेकंदांची. मुलगा रडला, संपलं. दिवे बंद करून त्याने जे केलं त्यात राग अजिबात नव्हता, आणि त्याची किंमत एक म्हातारा माणूस महिनाभर कोठडीत देणार आहे. पूर्वग्रह आणि व्यवस्था यांतला फरक इतका शांतपणे, दोन दृश्यं शेजारी ठेवून, मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

‘कोर्ट’बद्दल माझी एक तक्रार आहे. कॅमेरा वकिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलापर्यंत, न्यायाधीशाच्या सुट्टीपर्यंत जातो. कांबळे आणि वासुदेवची बायको मात्र बहुतेक वेळा कोर्टाच्या कामापुरतेच दिसतात. व्यवस्था ज्यांच्या हातात आहे त्यांच्या घरी जायचं, हा निर्णय मला समजतो. तरी वासुदेवची बायको रात्री काय जेवली, हे मला नूतनच्या स्वयंपाकाइतकंच बघायचं होतं.

गटारात माणूस उतरवण्याविरुद्धचा कायदा १९९३चा आहे, दुसरा २०१३चा. सुप्रीम कोर्टाने २०१४मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख द्यायला सांगितले, २०२३मध्ये ते ३० लाख केले. रक्कम वाढवावी लागते, म्हणजे माणसं मरत आहेत. उतरणारा कोण असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला ठेक्यावर घेणाऱ्याच्या मनात बहुधा तसं काही नसतं.

‘सैराट’बद्दल बोललो नाही तर तुम्ही म्हणाल, टाळलं. नागराज मंजुळेचा हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ला आला आणि आमच्याकडच्या थिएटरमध्ये ‘झिंगाट’वर लोक खुर्च्यांवर चढले. शेवटी ते रक्ताळलेलं पाऊल आणि आवाज बंद. थिएटरमधून बाहेर पडताना मी आजूबाजूला ऐकत होतो. सगळे प्रिन्सला शिव्या देत होते. मला तेव्हा बरं वाटलं, आता शंका येते. खुनी समोर दिसला की आपण त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. आपल्यापैकी बहुतेकांनी कुणाचा खून केलेला नाही. खरं तर मंजुळेने आधीच सांगून ठेवलं आहे. वर्गात प्रिन्स नव्या प्राध्यापकाला थोबाडीत मारतो आणि कॉलेज, गाव, सगळे ती थोबाडीत गिळतात. शेवटचा खून त्या गिळण्यातून आला आहे. आपण खून लक्षात ठेवला, थोबाडीत विसरलो.

‘फँड्री’ (२०१३) या बाबतीत कमी दया दाखवतो. जब्याचं कुटुंब कैकाडी. गावातली डुकरं पकडायला कचरू मानेला बोलावतात, कारण ते काम दुसरं कुणी करत नाही आणि त्याला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे आहेत. कुणी बंदूक लावलेली नाही. सगळा व्यवहार राजीखुशीचा. वर्गातली पोरं कठड्यावर बसून हसतात, शालूही हसते. शालूच्या मनात काय असेल? काहीच नसेल. सगळे हसत होते म्हणून हसली. जब्याचा शेवटचा दगड कॅमेऱ्यावर येतो, आणि मी तो शालूच्या हसण्याला मिळालेलं उत्तर म्हणून बघतो. डुकराचं शव काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेलं जातं. भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू महाराज रंगवलेले. भिंत रंगवणाऱ्यांच्या मनात तर आदरच होता.

आंबेडकरांनी ही गोष्ट १९३६मध्येच सांगितली होती. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळाने रद्द केल्यामुळे कधीच न झालेलं ते भाषण त्यांनी स्वतः छापलं. त्यात ते म्हणतात, लोक जात पाळतात ते वाईट किंवा अमानुष आहेत म्हणून नव्हे, ते श्रद्धाळू आहेत म्हणून. तेव्हा माणसांवर रागावून उपयोग नाही, ज्या शास्त्रांनी त्यांना हे शिकवलं त्यांना हात घाला. जात म्हणजे वंश, हा सिद्धांतही ते तिथेच नाकारतात. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य एकाच वंशाचे. तरीही १९४६मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहिलं. काळ्या लोकांचं एक निवेदन संयुक्त राष्ट्रांकडे गेलं होतं, त्याची प्रत त्यांना हवी होती. वंश वेगळा, पण कुलूप करायची पद्धत ओळखीची. १९७२ला मुंबईतल्या पोरांनी संघटनेला दलित पँथर हे नाव दिलं तेही त्यामुळेच. आणि २००१मध्ये डर्बनच्या परिषदेत भारत सरकारने जात हा वर्णभेदाच्या चर्चेचा विषयच नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा शब्दाचा अर्थ बरोबर होता आणि हेतू कुलूप न दाखवण्याचा.

आमच्या भागात हे कुलूप बघायला कोर्टात जावं लागत नाही. बदलापूर, अंबरनाथ, कर्जतच्या पट्ट्यात गावाच्या जरा लांब, डोंगराकडे कातकऱ्यांच्या वाड्या असतात. पाऊस संपला की वीटभट्टीचा मालक उचल देतो, घरं बंद होतात, कुटुंबं भट्टीवर जातात, मुलांची नावं शाळेच्या पटावर राहतात आणि मुलं विटा उलट्या करत असतात. वर्षअखेरीस उचल फिटलेली नसते. वेठबिगारी १९७६ला कायद्याने बंद झाली. मी एका भट्टीमालकाशी बोललो आहे. तो आजारी मजुराला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतो. खरंच नेतो. त्या वाडीतल्या लोकांनीच मला सांगितलं.

यावर माझ्या वयाचे मित्र विचारतात, मग माणसाचं काय? सगळं व्यवस्थाच करते, तर नूतनने, ब्रोकरने, भट्टीमालकाने अपराधी वाटून घेऊ नये का? प्रश्न योग्य आहे. ‘सिस्टीमच तशी आहे’ हे वाक्य ‘माझ्या मनात तसं काही नाही’चं सख्खं भावंड आहे, दोन्ही हात झटकायला उपयोगी. ब्रोकर मालकाला म्हणू शकला असता, हे नाव चालत नसेल तर दुसरा ब्रोकर बघा. धंदा गेला असता. नूतन सरकारला म्हणू शकली असती, या आरोपात दम नाही. बढती गेली असती. मन स्वच्छ ठेवायला काही किंमत पडत नाही, म्हणून आपल्याला ते इतकं आवडतं.

आता माझं सांगतो. त्या सहाव्या दिवशी फोनवर पाचशेने उतरलेलं घर मी घेतलं नाही. तेवढी लाज होती. दोन महिन्यांनी मला स्वतःला घर हवं होतं तेव्हा त्याच ब्रोकरला फोन केला, कारण त्याच्याकडे घरं चांगली असतात. एका दिवसात मिळालं. ॲग्रीमेंटवर नाव लिहिताना मी आडनाव नेहमीसारखंच लिहिलं. मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘अरे वा, गॅलरी आहे का?’

तो आता वांगणीला राहतो. भाडं कमी आहे, पाण्याचे वांधे आहेत. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये तो आधी चढतो, म्हणून त्याला बसायला मिळतं. गाडी चामटोलीवरून पुढे येते, बदलापूरला मी गर्दीत घुसतो, आणि तो मला बघून सरकतो, चौथ्या सीटची अर्धी जागा करून देतो.